पाय म्हणतात पळ, पण ऐकायचं कधी? उसात, रानात, गडावर जनावर समोर आलं तर काय करायचं

दोन वर्षांपूर्वीची डिसेंबरमधली गोष्ट. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीची लाईट रात्रपाळीला होती, म्हणजे कांद्याला पाणी द्यायचं तर रात्रीच दारं धरायची, दुसरा इलाज नाही. मी पुण्याहून सुट्टीला आलेलो, आण्णा म्हणाले चल, तेवढीच सोबत. एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवायला मी खोरं घेऊन वाकलो आणि पुढच्या क्षणी मागून माझी कॉलर धरून कोणीतरी मला सरळ उभं केलं. आण्णाच. बोलले काहीच नाहीत, फक्त बॅटरी समोर धरली. बांधावर साधारण पंधरा पावलांवर दोन डोळे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एकदम स्थिर. मला आधी कुत्रं वाटलं. मग त्याने शेपटी हलवली आणि ती शेपटी संपेचना.

माझे पाय खरंच मागे वळले होते, मी नव्हते वळवले. कॉलर आण्णांच्या हातात होती म्हणून मी तिथे राहिलो. मग ते हळूच म्हणाले, "बाजूला सरक, आपण त्याच्या वाटेत आहोत." तेव्हा कळलं की आपल्या पाठीमागे चुलत्यांचा ऊस आहे आणि त्याला घरी जायचंय. आम्ही तोंड त्याच्याकडेच ठेवून आठ-दहा पावलं बाजूला सरकलो, तो बांधावरून उतरला, वाफा ओलांडला आणि उसात गेला, पाचट वाजलंसुद्धा नाही. मग आण्णा मोठ्याने खाकरले आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागले, ते पाणी बंद होईपर्यंत बोलतच राहिले.

हे सगळं सांगायचं कारण असं की तेव्हापासून मी प्रत्येक जनावराबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो, याच्यापुढे पळायचं का थांबायचं? कारण पायांचा सल्ला कायम एकच असतो. काहींच्या बाबतीत तो बरोबर आहे आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत तो जीवावर बेततो. मी काही तज्ज्ञ नाही, जुन्नर तालुक्यातला शेतकऱ्याचा पोरगा आणि शनिवार-रविवार गडांवर भटकणारा माणूस आहे, पण वनखात्याच्या लोकांकडून, चंद्रपूर आणि सांगलीच्या मित्रांकडून आणि स्वतःच्या चुकांमधून जे कळलं ते एका जागी लिहून ठेवतोय.

बिबट्यापासूनच सुरू करतो कारण आमच्याकडे तोच. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, आत गारवा, पाणी जवळ, कुत्री-शेळ्या-डुकरं वस्तीवर तयार, त्यामुळे बिबट्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्यात, त्यांच्यासाठी ऊस हेच जंगल. बिबट्याला माणूस हे खाणं वाटत नाही, सहसा तो आपल्याला टाळतो, पण त्याच्या डोक्यात शिकारीचं एक माप बसलेलं आहे, शेळी-कुत्र्याएवढं. उभा माणूस त्या मापात बसत नाही. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस बसतो. लहान पोरगं तर बसतंच. म्हणून आमच्याकडचे बरेच हल्ले गवत कापताना, भांगलताना, अंधारात परसाकडे बसलेलं असताना, नाहीतर ओट्यावर खेळणाऱ्या लेकरांवर झालेत. आण्णांनी कॉलर का धरली ते आता कळलं असेल.

म्हणून उसाच्या कडेला काम असेल तर दोघं जा, एक वाकला की दुसरा उभा. एकट्याला जायचंच असेल तर आधी पाच मिनिटं आवाज करा, मोबाईलवर गाणी लावा, काठी आपटा, घुंगराची काठी असेल तर अजून चांगलं. नवीन पोरं कानात इअरफोन घालून दारं धरायला जातात, त्यांना काय बोलावं. आपण त्याला ऐकू गेलो पाहिजे आणि तो आपल्याला, दोन्ही. बॅटरी चांगल्या फोकसची घ्या, मोबाईलचा टॉर्च नको, त्याने फक्त आपल्या चपला दिसतात. घराभोवती वीस-तीस फूट जागा मोकळी ठेवा, दारापर्यंत ऊस लावून वर बिबट्या अंगणात येतो म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. गोठ्याला वरूनसुद्धा जाळी लागते, तो भिंत चढतो. आणि संध्याकाळी अंधार पडल्यापासून लेकरं नजरेसमोर पाहिजेत, संडासला जाताना बरोबर मोठं माणूस पाहिजे, हे आमच्याकडे आता शाळेतसुद्धा सांगतात. ऊसतोडीच्या सीझनमध्ये कोप्यांवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांवर, हे जास्त अवघड असतं, आईबाप पहाटेच फडात आणि पोरं बांधावर झोपलेली. तिथे निदान एक म्हातारं माणूस पोरांपाशी उभं ठेवा, मुकादमाने काही म्हणू देत.

आणि समोर आलाच तर? थांबा. ताठ उभे राहा, हात वर करा, टॉवेल-घोंगडी असेल तर ती पसरा, जाडजूड आवाजात बोला. किंचाळू नका, दरडावा. लहान पोर बरोबर असेल तर त्याला खांद्यावर घ्या, पण पाठ न वळवता. दगड उचलायला वाकू नका, हे मुद्दाम सांगतो कारण आपला हात पहिला तिकडेच जातो. मग त्याला जायला वाट ठेवून तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे किंवा बाजूला सरका. पळालात तर तुम्ही आणि शेळी यात फरक राहत नाही. आणि झेप घेतलीच तर मात्र मेल्याचं सोंग वगैरे अजिबात नाही, मान झाका कारण तो मानच धरतो, आणि हातात जे असेल त्याने त्याच्या तोंडावर, नाकावर, डोळ्यांवर मारा, ओरडा. २०२१ मध्ये मुंबईत आरेमधल्या एका आजीचा सीसीटीव्ही व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, ओट्यावर बसलेल्या आजींवर बिबट्या मागून आला आणि त्यांनी पडल्या पडल्या हातातल्या काठीनेच त्याला मागे हटवलं. काठी चालण्याची होती, काही खास नव्हती. शिरूरकडच्या काही गावांत लोक गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून शेतात जायला लागले तेव्हा बाहेरचे हसले, मला हसू नाही आलं, मानेचं गणित त्यांना बरोबर कळलेलं आहे.

घरात, गोठ्यात किंवा शाळेच्या खोलीत बिबट्या शिरला तर बाहेरून कडी लावा आणि गर्दी पांगवा, बास, तुमचं काम झालं, पुढचं वनखातं बघेल. व्हिडिओ काढायला खिडकीत चढणारेच जखमी होतात. ऊस तोडताना बछडे सापडले तर हात लावू नका, सेल्फी नको, तेवढा पट्टा सोडून बाजूला व्हा आणि फोन करा. आमच्याकडे वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातले डॉक्टर ते पिल्लू तपासून रात्री त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. ती आई बऱ्याचदा जवळच्याच सरीत बसलेली असते हे विसरू नका. आणि "पकडून लांब सोडा" ही मागणी प्रत्येक गावात होते, मीही करायचो, पण २००० नंतरच्या वर्षांत जुन्नर भागात असे बरेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडले तर हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी यावर बराच अभ्यास केलाय. अनोळखी जागेत सोडलेलं घाबरलेलं जनावर आणि इथे मोकळ्या जागेत येणारा नवीन, दोन्हीकडून डोक्याला ताप.

वाघ. आमच्याकडे बिबट्यालाच वाघ म्हणतात, त्यामुळे आधी कुठला वाघ हे विचारावं लागतं. पट्टेवाला चंद्रपूर-गडचिरोलीकडे, ताडोबाच्या आत जेवढा तेवढाच बाहेरसुद्धा. तिथे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्त्याला लोक पहाटे रानात जातात, काम सगळं वाकून. नियम बिबट्याचेच पण ताकद तिपटीने, त्यामुळे इथे भिडण्यापेक्षा न भेटण्यावर जोर. उजाडल्याशिवाय जाऊ नका, घोळक्याने जा, एकजण नुसता राखणीला उभा. वानर झाडावरून एकसारखं खॅक-खॅक करायला लागलं, चितळ ओरडलं, तर ते ज्या दिशेला बघतायत तिकडे जायचं नाही. कावळे एका झुडपावर घोटाळतायत आणि वास येतोय, तर तिथे शिकार आहे आणि मालक जवळच आहे. सुंदरबनात १९८०च्या दशकात लोकांनी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा लावून बघितला, वाघ पाठीवर येतो म्हणून, काही काळ उपयोगही झाला. म्हणजे मुद्दा तोच, त्याला पाठ दिसता कामा नये.

आता अस्वल, आणि माझं मत विचाराल तर महाराष्ट्राच्या रानात अचानक गाठ पडायला सगळ्यात वाईट प्राणी हाच. चंद्रपूरचा मित्र म्हणतो वाघ दिसला तर हात जोडतो, अस्वल दिसलं तर घाम फुटतो. कारण वाघाने तुम्हाला अर्धा तास आधीच पाहिलेलं असतं आणि त्याने ठरवलेलं असतं. अस्वलाला नजर कमी, आणि वारूळ उकरताना किंवा मोहफुलं खाताना ते इतकं गुंग असतं की तुम्ही दहा फुटांवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो, मग दचकतं, आणि दचकलेलं अस्वल पळत नाही तर अंगावर येतं. पंजे लांब, आणि मारतं ते तोंडावर, डोक्यावर. मेळघाट, बुलढाण्याचं ज्ञानगंगा, विदर्भातलं बरंचसं रान, सगळीकडे हीच कथा. म्हणून इथे आवाज हेच शस्त्र, बोलत, खोकत, काठी आपटत चाला, विशेषतः नाल्याच्या काठाने, घळीत, बोरीच्या जाळीत आणि पहाटे-संध्याकाळी. दिसलं आणि त्याने तुम्हाला पाहिलं नाही, तर आल्या पावली मागे. मागच्या दोन पायांवर उभं राहिलं तर लगेच हल्ला करतंय असं नाही, वास घेतंय, तुम्ही हळू हळू मागे सरकत राहा. पिल्लं पाठीवर असतील तर आणखी लांबून. पळण्यात अर्थ नाही कारण ते तुमच्यापेक्षा जोरात पळतं, झाडावर चढण्यात तर अजिबात नाही कारण ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं, मधाच्या नादाने त्याचा तोच धंदा आहे. अंगावर आलंच तर पालथे पडा, तोंड जमिनीत, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंतवून, पाठीवर सॅक असेल तर ती राहू द्या. आता धोका संपला असं त्याला वाटलं की बहुतेकदा निघून जातं. लगेच उठू नका, गेल्याची खात्री होऊ द्या.

गव्याबद्दल लोकांचा गैरसमज की ती म्हैस आहे. दाजीपूर-राधानगरी, चांदोली, कोयना, सावंतवाडीकडे तो सर्रास दिसतो, मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. कळपातला गवा बघून निघून जातो, एकटा नर जरा तिरसट. फुसकारला, मान खाली घालून झुलवायला लागला, आडवा उभा राहून आपला आकार दाखवायला लागला, तर तो सांगतोय की बास. मोकळ्या रानात त्याच्यापुढे पळून जिंकता येत नाही, पण पहिल्या जाड झाडापर्यंत किंवा कातळापर्यंत पळायचं आणि त्याच्या आड व्हायचं, त्याला एवढ्या अंगाने पटकन वळता येत नाही. घाटात गाडीसमोर आला तर हॉर्न नको, लाईट डिम करून थांबा. गव्याला सगळ्यात मोठा धोका माणसांच्या घोळक्याचा असतो, आणि बिथरला की मग घोळक्याला त्याचा. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा वाट चुकून आला होता, शेकडो लोक मागे लागले, दोऱ्या, आरडाओरडा, पळून पळून तो बिचारा शेवटी मेला. मी तेव्हा पुण्यातच होतो, ऑफिसच्या ग्रुपवर त्याच्यावर जोक येत होते.

हत्ती हा पळायच्या यादीतला, पण अट अशी की लवकर पळायचं. सिंधुदुर्गात दोडामार्ग-तिलारीकडे कर्नाटकातून हत्ती आले त्याला दोन दशकं उलटली, इकडे आजरा-चंदगड, आणि २०२१ पासून छत्तीसगडमधून गडचिरोलीत कळप. हत्ती शंभर मीटरवर असतानाच निघायचं, तीस मीटरवर आल्यावर पळायचा विचार करायचा नाही, कारण तो जोरात येतो आणि केळीच्या बागा, कुंपण त्याला काही अडवत नाही. वारा आपल्याकडून त्याच्याकडे जात असेल तर बाजू बदला. मागे लागलाच तर हातातली पिशवी, शर्ट, टोपी टाकत पळा, तो वास घ्यायला थांबतो तेवढे सेकंद मिळतात, आणि सिमेंटचं पक्कं घर गाठा, मातीचं नको. फटाके, मशाली घेऊन रात्री पोरं त्याच्या मागे लागतात आणि मग तो वळतो. ते वनखात्याच्या हत्ती-पथकावर सोडा.

रानडुकराचं थोडक्यात: जखमी असेल किंवा पिल्लांबरोबर असेल तरच जास्त येतं, सरळ रेषेत येतं, सुळे मांडीवर लागतात आणि रक्त फार जातं, म्हणून उंच व्हा, कातळ, झाड, ट्रॉली, काहीही, चार-पाच फूट पुरतात. डुकरासाठी कुंपणात चोरून करंट सोडणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे, त्या तारेला दरवर्षी कोणाचा तरी भाऊ चिकटतो.

आता ज्याच्यापुढे फक्त आणि फक्त पळायचं तो प्राणी. आग्या मोहोळ. ट्रेकर लोक बिबट्याला घाबरतात आणि कड्याखाली हातभर लांब काळं पोळं लोंबतंय त्याच्या खाली बसून पोहे खातात. एका मार्चमध्ये आम्ही सहाजण एका गडाच्या दरवाज्याच्या अलीकडे होतो, खाली कोणीतरी चहासाठी काटक्या पेटवल्या, धूर कड्याला लागून वर आला आणि आधी नुसता पावसासारखा आवाज आला. मी वर बघेपर्यंत पहिली भुवईवर बसली. मी काय केलं, तर टोपीने हाकलायला लागलो, म्हणजे शंभर टक्के चूक, कारण एकीने डंख मारला की त्यातून जो वास सुटतो तो बाकीच्यांना सांगतो की इथेच मारा, आणि हात हलवले की त्या आणखी चवताळतात. आमच्यातला एक शहाणा पाण्याच्या टाक्यात उतरला. त्या वर घिरट्या घालत थांबल्या आणि तो श्वासाला डोकं वर काढेल तेव्हा तेव्हा डोक्यालाच. बाकी आम्ही वाट सापडेल तसे पळालो आणि गडावरच्या एका कोरीव गुहेत, अगदी आत अंधारात जाऊन बसलो, तिथे पाठलाग थांबला. नंतर बायकोने एटीएम कार्डाच्या कडेने माझे काटे खरवडून काढले, सव्वीस भरले.

तर मधमाश्यांचं असं: शर्ट किंवा ओढणी डोक्यावरून तोंडावर ओढा, पायाखालचं दिसेल एवढीच फट ठेवा, आणि पळा, थांबू नका, काटे काढायलासुद्धा नाही. पण गडावर आहात, कड्याची बाजू कुठली हे पहिल्या दोन सेकंदात बघा, पळताना दरीत पडूनही लोक जातात. गाडी, तंबू, बंद खोली, अंधारी गुहा, दाट झाडी, जे जवळ असेल ते. तंबूत एक-दोन आत आल्या तरी चालतील. सुरक्षित झाल्यावर काटे लवकर काढा, काट्याबरोबर तुटून आलेली विषाची पिशवी थोडा वेळ विष सोडत राहते. चिमटीत धरण्यापेक्षा खरवडणं सोपं, पण पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा. कोणाला अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर एका डंखानेसुद्धा माणूस जाऊ शकतो, त्याला आडवं करून पाय उंच ठेवा, श्वास लागला असेल तर टेकून बसवा आणि १०८ ला फोन, तिथे अॅड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं, हळद नाही. शिवनेरीपासून सगळीकडे उन्हाळ्यात या बातम्या येतात, त्यामुळे मोहोळ असेल तिथे धूर नाही, अत्तर-डिओ नाही, ड्रोन नाही, दगड मारणारा पोरगा तर बरोबरच नेऊ नका.

सापाच्या बाबतीत उलट, इथे पुतळा व्हायचं. दिसला की थिजा, मग एक-एक पाऊल मागे. तो तुमच्यावर धावून येत नाही, डूख धरत नाही, हे सगळं सिनेमातलं. चावतो तो पाय पडला, हात पडला म्हणून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार विषारी लक्षात ठेवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, माणूस पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून उठतो आणि घरचे अपचनाचं औषध देतात. म्हणून खाट, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, आणि अंधारात बॅटरी. चावल्यावर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे तर जाऊच नका. घड्याळ-अंगठ्या काढा, चावलेला हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, त्या माणसाला चालवू नका, आणि सरळ प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही, त्यात दुसरा चावून घेतो. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. दवाखान्यात काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात आणि मग तिरपं करून गोठलंय का बघतात, घोणस-फुरशाचं विष त्यातून कळतं, त्यामुळे "डॉक्टर नुसते बसलेत" म्हणून भांडू नका. कोकणात विंचूसुद्धा हलक्यात घेऊ नका, लाल विंचवाने पूर्वी चांगली धडधाकट माणसं हृदय बंद पडून जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळ्या वापरून ते चित्र बदललं, पण गोळी वेळेवर मिळाली तर.

मगर म्हणजे सांगलीची कृष्णा, भिलवडी-औदुंबरचा पट्टा, आणि इकडे चिपळूणची वाशिष्ठी. सांगलीकर तिला सुसरच म्हणतात, खरी सुसर वेगळी पण वाद घालत बसू नका, चावते तीच. तिथला मित्र सांगतो सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे मोटरीचा फूटवॉल, म्हणजे पाण्यातल्या पाईपच्या टोकाची झडप, काढायला छातीभर पाण्यात उतरणं. पाण्यात तुम्हाला काहीच संधी नाही, सगळं काठावरच ठरतं: रोज एकाच जागी, एकाच वेळी पाण्याला जाऊ नका, ती बघून ठेवते. बादलीला दोरी लावा, काठापासून दोन-तीन मीटर मागे राहा, धुणं घाटाच्या वरच्या पायरीवर. उन्हाळ्यात वाळूत अंडी असतात तेव्हा मादी राखण करते. काठावर आली तर पळा, जमिनीवर ती थोडंच अंतर जोरात येते. धरलं तर डोळ्यांत बोटं घाला.

माकडांबद्दल लिहिणार नव्हतो, पण माथेरान-महाबळेश्वरला लोक चावून घेतातच. दात दाखवून हसू नका, त्यांच्या भाषेत ती धमकी आहे. हात रिकामे दाखवा. पिशवी ओढली तर सोडून द्या, वडापाव पस्तीस रुपयाचा, इंजेक्शनं चार-पाच.

आणि ती इंजेक्शनं खरंच घ्या. माकड, कोल्हा, लांडगा, बिबट्या, अस्वल, कोणीही चावलं-ओरबाडलं तर जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, मग दवाखाना, रेबीजची लस आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं औषध) मागून घ्या. दिवसाढवळ्या न घाबरता वस्तीत येऊन दिसेल त्याला चावणारा कोल्हा-लांडगा बहुतेक पिसाळलेला असतो, त्याच्यापुढे ताठ उभं राहून उपयोग नाही, दार लावा. रक्त भळभळत असेल तर मात्र धुण्याआधी स्वच्छ फडक्याने दाबून धरा.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेलं तर तो गुन्हा धरत नाहीत, पण फास, विष, करंट लावून मारणं वेगळं, तिथे सुटका नाही. काहीही झालं की वनखात्याचा टोल फ्री १९२६ लावा, गावच्या वनरक्षकाचा नंबर फोनमध्ये आधीच सेव्ह पाहिजे, आणि शेळी-वासरू गेलं असेल तर पंचनामा होईपर्यंत ते ओढून बांधाला टाकू नका, जागेवरच राहू द्या, नाहीतर भरपाईला अडचण येते.

ठसे पण जपायचे. लोक बघायला येतात आणि त्यावरूनच चालतात. चांगला उमटलेला एक ठसा बघून त्यावर घमेलं पालथं घाला आणि वर दगड ठेवा, सकाळी वनरक्षक येऊन माप घेतो, नर का मादी, एकटी का पिल्लांबरोबर, बरंचसं त्यावरून सांगतो. त्या रात्री आण्णांनी तेच केलं. सकाळी कळलं मादी होती, आणि बांधाच्या पलीकडे तिच्या ठशाच्या शेजारी अजून दोन लहान होते, जिथे मी रात्री चप्पल काढून ठेवली होती तिथून चार हातांवर.